बाबा, खेळ काढून टाकू नका

ती. आई-बाबा,
सा. न.

बाबा, शनिवारी रात्री फोनवर तुम्ही म्हणालात, "दोन तास घातले, दुसऱ्या अंकाच्या शेवटच्या बड्या शत्रूपर्यंत, त्या बॉसपर्यंत पोचलो आणि मेलो. सगळं गेलं. हातात पुन्हा तीच दहा पानं. काढूनच टाकतो हा खेळ टॅबवरून." मागून आई म्हणाली, "अहो, खेळच तर आहे." मी तेव्हा काहीतरी समजुतीचं बोलले आणि फोन ठेवला. पण तुमचं ते "सगळं गेलं" काही केल्या डोक्यातून जाईना. 'स्ले द स्पायर' हा पत्त्यांचा खेळ मीच तुमच्या टॅबवर टाकून दिला, तेव्हा त्याच्याबद्दल नीट सांगायचं कामही माझंच. फोनवर ते जमलं नसतं, म्हणून लिहितेय.

आधी एक सांगते. तुम्हाला वाईट वाटलं ते अगदी बरोबर आहे. एकेक पान पारखून डेक, म्हणजे आपली गड्डी, उभी करायची, नकाशावर बोट ठेवून कुठल्या वाटेनं वर जायचं ते ठरवायचं, रेलिक, म्हणजे डावभर साथ देणाऱ्या जादूच्या वस्तू, जमवायचे, आणि मग एका टर्नला हिशोब चुकला की सगळं पुसलं जायचं. दोन तास मन लावून घडवलेली वस्तू जाते, तेव्हा ती पडद्यावरची होती म्हणून कमी लागत नाही. आई, तू धीर द्यायला म्हणालीस ते मला कळतं. पण बाबांना इतकं लागलं याचाच अर्थ ते मनापासून खेळत होते.

मेलात की सगळं पहिल्यापासून, हा नियम फार जुना आहे. १९८० च्या सुमाराला मायकल टॉय आणि ग्लेन विकमन या दोन विद्यार्थ्यांनी 'रोग' नावाचा खेळ लिहिला. पुढे केन अर्नोल्ड त्यांच्यात आले. (नावातला रोग म्हणजे आजार नव्हे बाबा, तुम्ही पहिल्याच दिवशी विचारलं होतंत. इंग्रजीत त्याचा अर्थ बदमाश, लबाड माणूस.) त्यात चित्रं नव्हती. ईमेलच्या पत्त्यात असतं ते ॲटचं चिन्ह म्हणजे तुम्ही, आणि इंग्रजी मुळाक्षरं म्हणजे राक्षस. मेलात की पडद्यावर एक थडगं उमटायचं, त्यावर तुमचं नाव. मागे उरायची ती फक्त गुणांची यादी. त्या धर्तीवरच्या खेळांना रोगलाइक म्हणतात. एक पाऊल मागे जाऊन चूक सुधारायची सोय त्यात मुद्दामच ठेवत नाहीत. ती असती तर तुम्ही नकाशापाशी तेवढा वेळ थांबलाच नसतात. ही वाट नाही तर ती, असं करत सगळ्या चाखून पाहिल्या असत्या.

पत्त्यांची बाजू दुसरीकडून आली. खेळता खेळता आपला डेक घडवत न्यायचा, ही कल्पना २००८ च्या 'डॉमिनियन' या बैठ्या खेळानं रूढ केली. तिथेही सुरुवात दहाच पानांनी होते. तुमचा 'स्ले द स्पायर' या दोन्ही गोष्टी एकत्र आणतो. अँथनी जियोव्हानेट्टी आणि केसी यानो यांनी तो नोव्हेंबर २०१७ मध्ये अपुरा असतानाच लोकांच्या हाती दिला आणि जानेवारी २०१९ मध्ये पूर्ण केला. मधल्या काळात लोक कुठे हरतात, कुठलं पान घेतात, कुठलं टाळतात, याचे आकडे पाहून त्यांनी पानांचं बळ कमी-जास्त केलं. म्हणजे अनोळखी माणसांचे मोडलेले डावसुद्धा या खेळाच्या घडणीत आहेत. मला ही गोष्ट फार आवडते.

आता शनिवारी नेमकं काय गेलं ते पाहू. त्या डावातली पानं गेली, सोनं गेलं, औषधांच्या बाटल्या गेल्या, रेलिक गेले. ते सगळं त्या एका डावापुरतंच होतं. जिंकला असतात तरी पुढच्या डावाला पाच स्ट्राइक (साधा वार), चार डिफेंड (बचाव) आणि एक बॅश (जोराचा वार), एवढंच हातात आलं असतं.

आणि राहिलं काय? डाव संपल्यावर एक पट्टी थोडी पुढे सरकते, ती तुम्ही पाहिली असेल. किती मजले चढलात, किती शत्रू मारलेत, त्याचे गुण तिच्यात जमा होतात, हरलात तरी. प्रत्येक पात्राला अशा पाच पायऱ्या आहेत, आणि दर पायरीला तीन नवी पानं किंवा तीन नवे रेलिक खुले होतात. खुले होतात म्हणजे तुमच्या हातात येत नाहीत; पुढे कधी समोर येऊ शकतात, इतकंच. त्यामुळे तुमचा योद्धा आयर्नक्लॅड आधीपेक्षा बलवान होत नाही, तुमच्यापुढची निवड वाढते. नव्या माणसासमोर सगळी पानं एकदम ओतली तर तो गोंधळेल, म्हणूनही ती अशी टप्प्याटप्प्यानं येतात. पाच पायऱ्या झाल्या की पट्टी संपते. माझी केव्हाच संपली आहे, आणि मला या खेळाची खरी गोडी त्यानंतर लागली. म्हणून सांगते, त्या पट्टीसाठी खेळू नका. ती आपोआप भरेल.

पण बाबा, मला दाखवायचंय ते वेगळंच. कल्टिस्ट आठवतो? निळा, पक्ष्याच्या चोचीचा मुखवटा घातलेला, पहिल्या अंकात सुरुवातीलाच भेटतो. पहिल्या टर्नला तो हल्ला करत नाही, मंत्र म्हणतो. मग ६ चा मार देतो, पुढच्या टर्नला ९ चा, मग १२ चा. मी आले होते तेव्हा पहिल्याच टर्नला तुम्ही तीन डिफेंड टाकले होतेत. १५ चा ब्लॉक, म्हणजे मार अडवणारी ढाल, उभा केलात, समोरून काहीच आलं नाही, आणि पुढच्या टर्नला तो ब्लॉक विरून गेला. तेव्हा आई म्हणाली होती, "त्याच्या डोक्यावर बघा ना, तो काय करणार ते तिथेच दिसतंय." शनिवारी तुम्ही स्वतःच मला काय सांगितलंत? "त्या मंत्रवाल्याला आता मी पहिल्या टर्नलाच बॅश आणि वर एक स्ट्राइक घालतो." बॅशचे ८, त्यानं शत्रू कमकुवत झाला की स्ट्राइकचे ६ चे ९ होतात. १७ चा मार, टर्नला मिळणाऱ्या तीनही ऊर्जा वापरून, आणि तेही तो गप्प असताना. हे तुम्ही इतक्या सहज बोलून गेलात की आपण नवीन काही सांगतोय हे तुमच्या लक्षातही आलं नाही. ते तुम्हाला कुठल्या पट्टीनं दिलेलं नाही, आणि कुठलाही बॉस ते काढून घेऊ शकत नाही.

ग्रेम्लिन नॉब या एलिटचंही, म्हणजे नेहमीपेक्षा बलवान शत्रूचंही, तेच. त्यानं तुम्हाला तीनदा मारलं. तो पहिल्याच टर्नला डरकाळी फोडतो, आणि त्यानंतर तुम्ही स्किल प्रकारातलं एकेक पान टाकलंत की त्याची ताकद २ नं वाढते. डिफेंड हे स्किलच. माणूस घाबरून बचाव करत जातो आणि त्याचा मार स्वतःच वाढवत नेतो. तिसऱ्यांदा मेल्यावर तुम्ही रागावून टॅब बाजूला ठेवला होतात, असं आईनं सांगितलं. पण शनिवारी तुम्ही दुसऱ्या अंकाच्या शेवटापर्यंत गेलात. एकतर नॉब भेटूनही तुम्ही त्याला पाडलंत, नाहीतर एलिटची वाट टाळायला शिकलात. आधीच्या आठवड्यात यातलं काहीच येत नव्हतं.

शनिवारी हरण्याचं कारण मला वाटतं वेगळं होतं. तुम्ही म्हणालात डेक छान भरला होता, तीसेक पानं जमली होती. प्रत्येक लढाईनंतर तीन पानं समोर येतात आणि ती पाहून हात आपोआप पुढे जातो, माझाही जायचा. पण हिशोब करून बघा. दर टर्नला पाच पानं येतात. दहा पानांच्या डेकमध्ये बॅश दर दोन टर्नला एकदा हाती लागतो. तीस पानांच्या डेकमध्ये तेच पान सहा टर्नमधून एकदा. तुमचं सगळ्यात चांगलं पान बहुधा गड्डीच्या तळाशी वाट पाहत राहिलं आणि लढाई संपली. तीनही पानं नाकारायची मुभा आहे. तिथे खाली बटण असतं. दुकानात सोनं मोजून जुनं पान काढूनही टाकता येतं. मला हे कळायला कितीतरी डाव गेले. तुम्हाला लवकर कळावं म्हणून सांगतेय, नाहीतर हे स्वतः शोधण्यात जास्त आनंद आहे.

आई, तुझ्या 'बालात्रो' या पोकरच्या धर्तीच्या पत्त्यांच्या खेळातही हेच चाललंय. इस्पिक, बदाम, चौकट, किलवर ओळखीचे म्हणून तू लगेच रमलीस, आणि फ्लशवर, म्हणजे एकाच चिन्हाच्या पाच पानांवर, तुझा हात छान बसला. मग 'द आय' नावाचा बॉस आला. त्या फेरीत एकदा खेळलेला प्रकार पुन्हा चालत नाही, आणि तुझ्याकडे फ्लशशिवाय काही तयारच नव्हतं. त्यानंतर तू वहीत जोडी, दोन जोड्या, तीन सारखी पानं, स्ट्रेट म्हणजे ओळीची पाच पानं, असे सगळे प्रकार उतरवून काढलेस, पाठवलेला फोटो मी जपून ठेवलाय. त्या खेळात डावाला मदत करणारे दीडशे जोकर आहेत, आणि त्यातला मिस्टर बोन्स पाच डाव हरल्याशिवाय खुलाच होत नाही. तो काय करतो माहीत आहे? फेरीला लागतात त्याच्या निदान चौथा हिस्सा गुण झाले असतील, तर हरताना तो तुला वाचवतो आणि स्वतः नाहीसा होतो. बनवणाऱ्यानं पाच वेळा हरलेल्या माणसाचा असा विचार करून ठेवला, याचं मला फार कौतुक वाटतं.

सगळेच खेळ असे नसतात. २०१३ चा 'रोग लेगसी' आहे, पत्त्यांचा नाही. त्यात योद्धा मेला की त्याचा वारस पुढे येतो. बापानं कमावलेलं सोनं त्याला मिळतं आणि तो ते वाड्याच्या बांधकामात घालतो. त्यातून पुढच्या सगळ्या वारसांचं बळ, आयुष्य कायमचं वाढतं. कामावरून दमून येणाऱ्याला हा मोठा दिलासा आहे, मीही तो खेळ प्रेमानं खेळले. पण जिंकल्यावर मनात एक प्रश्न उरला. मी सुधारले, की तलवार जड झाली? पत्त्यांच्या खेळात मला तो प्रश्न नको असतो. 'स्ले द स्पायर'मध्ये पहिल्यांदा जिंकलात की कायमचं काय मिळतं, तर असेन्शन, म्हणजे वाढत्या अवघडपणाच्या वीस पायऱ्या. पहिल्या पायरीवर एलिट जास्त भेटतात, पुढे एकेक अडचण वाढत जाते, आणि विसाव्या पायरीवर शेवटी दोन बॉस लागोपाठ येतात. जिंकणाऱ्याला खेळ आणखी अवघड करून देतात आणि तो आनंदानं घेतो, कारण आपण काय शिकलोय हे त्याला आता पक्कं ठाऊक असतं. मी आयर्नक्लॅडबरोबर बाराव्या पायरीवर आहे. अजूनही पहिल्या अंकात मरते. दहा पानं परत हातात येतात तेव्हा मला आता मोकळं वाटतं, बाबा. मागच्या डावातल्या चुका या डेकमध्ये नसतात.

आता एक कामाची गोष्ट. तुमच्या टॅबवर मी क्लाउडचं, म्हणजे खेळाची नोंद इंटरनेटवर जपायचं, काही लावून दिलेलं नाही. खेळ काढून टाकलात तर तुम्ही आजवर उघडलेली पानं आणि रेलिकही त्याच्याबरोबर पुसले जातील. बॉसनं ते नेलेले नाहीत, ते अजून तिथे आहेत. मी पुढच्या वेळी येईन तेव्हा ती सोय करून देते, तोवर चिन्हावर बोट दाबून धरू नका. नको झालं तर काही दिवस नुसतं तसंच राहू द्या.

मी शनिवारी रात्री नऊला फोन करते. जमलं तर त्याआधी नवा डाव सुरू करा, पहिली लढाई संपवा आणि तीन पानं समोर आली की तिथेच थांबा. ती तीन पानं मला वाचून दाखवा. आई, तूही शेजारी बस, शत्रूच्या डोक्यावरचा आकडा बाबांच्या आधी तुलाच दिसतो. मी सुचवेन, पण पान घ्यायचं की नाकारायचं ते बाबाच ठरवतील.

तब्येतीला जपा दोघंही.

तुमची लेक