भूक पोटात की डोक्यात?

मा. संपादक, स.न.वि.वि.

चयापचयाच्या संप्रेरकांचा (हार्मोन्सचा) मेंदूवर आणि वागणुकीवर काय परिणाम होतो, या विषयावर माझी पुतणी पीएच.डी. करते आहे, असे सांगितले की आमच्या पारावर पहिला प्रश्न ठरलेला असतो: याचा उपयोग काय?

गेल्या एकादशीला इन्सुलिन घेणाऱ्या आमच्या वहिनी दुपारी कारण नसताना चिडल्या आणि बोलता बोलता नातवाचेच नाव विसरल्या. घरातल्यांनी तो स्वभावदोष मानला. पुतणीने मात्र बोटाला सुई टोचून साखर मोजली, तर आकडा 58, म्हणजे फारच कमी, आला आणि साखरेच्या पाण्यानंतर पंधरा-वीस मिनिटांत वहिनी पूर्ववत झाल्या.

चरबीच्या पेशींतून स्रवणाऱ्या लेप्टिन या संप्रेरकाचा शोध 1994 मध्ये, तर जठरातून येणाऱ्या घ्रेलिनचा 1999 मध्ये लागला. घ्रेलिन मेंदूतील हायपोथॅलॅमसला भुकेची वर्दी देते, लेप्टिन पुरे म्हणते. पण लठ्ठ माणसाच्या रक्तात लेप्टिन भरपूर असूनही मेंदू त्याला दाद देत नाही, म्हणूनच 'तोंडावर ताबा ठेवा' हा (आम्हा खान्देशी भरीतप्रेमींना वरचेवर मिळणारा) सल्ला अपुरा ठरतो. मेंदूच्या स्मरणाशी निगडित हिप्पोकॅम्पस या भागातही इन्सुलिनचा संदेश टिपणारे ग्राहक (रिसेप्टर) असतात, हे तर मला साठीनंतर कळले.

असे प्रबंध 'शोधगंगा' या भारतीय विद्यापीठांच्या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर मिळतात, पण बहुतेक इंग्रजीत. विद्यापीठाने विज्ञानाच्या प्रत्येक प्रबंधासोबत दोन पानांचा मराठी सारांश मागावा आणि आपण त्यासाठी आठवड्यातून एक रकाना द्यावा, ही विनंती.

– एक निवृत्त शिक्षक, अमळनेर (जि. जळगाव)