आठच माणसं

ता. पाटोदा, जि. बीड

प्रिय सुहास,
स. न. वि. वि.

तुझा फोन आल्यापासून तीसचा आकडा डोक्यातून जात नाही. आपल्या बुशक्राफ्टच्या शिबिराला, म्हणजे रानातल्याच वस्तूंवर राहायला शिकवायच्या शिबिराला, तीस माणसं, तंबू, स्पीकर, शनिवारी सकाळी यायचं आणि रविवारी संध्याकाळी परत. धंद्याच्या हिशोबानं तू म्हणतोस ते खोटं नाही. पण तीस माणसांना आपण रानात राहायला शिकवू शकत नाही, नुसतं जेवू घालू शकतो. मला एका वेळी आठच पाहिजेत. का, ते फोनवर धड सांगता आलं नाही, म्हणून लिहायला बसलो.

गढीमागचा माळ तू कॉलेजात असताना पाहिलास. तेव्हा तिथं शेळ्यांनी खाऊन उरलेला मुरूम होता. काकांनी चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी केली तेव्हा गावानं टिंगल केली, की देशमुखांना जमीन जड झाली. पहिली काही वर्षं नुसती कुसळी माजली, चालताना पायजम्याची चाळण व्हायची. मग हळूहळू मारवेल आला, पवना आला. पळस तर कुणी लावलाच नाही. बुडखे जमिनीत जिवंत होते, तोंड मारणारं कुणी उरलं नाही तसे वर आले. बोरी-हिवराच्या आडोशाला आता चंदन आहे. बी पाखरांनी टाकलं. चंदनाला शेजारच्या झाडाच्या मुळातून रस ओढायची खोड, त्यामुळे ते एकटं कधी सापडत नाही. (किती आहे ते तिकडं कुणाला बोलू नकोस. चंदनचोरांचे कान लांब असतात.) मोर नायगावच्या अभयारण्यातले की आपले, हे मोरांनाही ठाऊक नसावं.

पण राखलेल्या रानात नको तेही वाढतं. ओढ्याच्या काठानं वेडी बाभूळ माजली आहे आणि उताराला घाणेरी. घाणेरीखाली गवताची काडी उगवत नाही. काका आता थकले, मजूर लावून काढायची तर ऐपत नाही.

इथंच माझं खरं म्हणणं आहे. बुशक्राफ्ट शिकायला येणाऱ्या माणसाला पहिल्या तासात हातात कोयता पाहिजे असतो. मग त्याला तोडू दे की, पण फक्त ही दोन. निवारा उभा करायचा तर मेढी वेड्या बाभळीच्या. तिचा जाळ कडक आणि निखारा टिकतो, म्हणजे चूलही तिच्यावरच. घाणेरीच्या काठ्या टोपलीला, खुर्चीला चालतात. कर्नाटकात मले महादेश्वराच्या डोंगरात सोलिगा लोक त्यांचं फर्निचर करून विकतात. नुसती फांदी छाटली की दोन्ही दुप्पट फुटतात, म्हणून बुडखा खणून काढल्याशिवाय त्या माणसाचं काम पुरं झालं असं धरायचं नाही. साग, खैर, मोह, चंदन, जांभूळ यांना तर हात लावायचा नाही. १९६४ च्या वृक्षतोडीच्या कायद्यानं स्वतःच्या रानातलं असलं तरी परवानगी लागते. नवख्या कोयतेवाल्याला वेडी बाभूळ आणि साधी बाभूळ यातला फरक एका नजरेत कळत नाही, कुणीतरी शेजारी उभं लागतं. आठ कोयत्यांवर एका माणसाची नजर राहते. तीसांवर राहील का, तूच सांग.

तो माणूस म्हणजे वाडीतले तात्या. जन्म मेंढरामागं गेला. परवा त्यांच्याकडून घायपाताचा दोर बघून घेतला. पान ताजं ठेचलं की चीक उडून अंगाला खाज सुटते, म्हणून ते आधी पिंपात भिजत घालतात. ओढ्यात घालत नाहीत, पाणी नासतं. कुजलेला गर दगडावर घासून काढला की खाली पांढरे तंतू राहतात. ते धुऊन वाळवायचे आणि मग मांडीवर तळहातानं पीळ द्यायचा. दोन पदर एकीकडं पिळायचे आणि एकमेकांवर चढवायचे उलटीकडं, म्हणजे सोडला तरी उकलत नाही. मी केलेला दोर बघून म्हणाले, "हे शेळीला बांधायचं नाही, शेळी लाजंल." भिजायला दिवस लागतात, तेव्हा घायपात आपण आधीच तयार ठेवायची.

तात्यांना मानधन तुझ्यामाझ्याइतकंच. "गावरान अनुभव" म्हणून फेटा बांधून फोटोत उभं करायला मी त्यांना बोलावत नाहीये. ते गुरुजी म्हणून येतील आणि रागावलेही तर लोकांनी ऐकून घ्यायचं.

हंगाम दिवाळी ते महाशिवरात्र. त्यानंतर गवत वाळून कोळ झालेलं असतं, एका ठिणगीत काकांची सगळी मेहनत जाईल. जाळ उघड्यावर नाही, आगटीतच, भोवतीचं गवत खरवडून आणि पाण्याचं पिंप शेजारी ठेवून. पौषात लोक हुरडा मागणारच. देऊ, पण आगटी ज्यानं स्वतः पेटवली त्याला आधी.

पाण्याचंही बघ. २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, त्या उन्हाळ्यात आपल्या बारवेच्या तळाला जेमतेम घागर बुडत होती. माणशी दिवसाला दोन बादल्या, त्याही ज्यानं त्यानं शेंदायच्या. प्यायचं पाणी गाळून, उकळून.

झोपायचं उघड्या जमिनीवर नाही, हे माझं अगदी ठाम आहे. मण्यार रात्रीच हिंडते, अंथरुणात शिरते आणि चावलेलं कित्येकदा कळतही नाही. बाजा किंवा चेनचे तंबू, बूट झटकूनच घालायचे. आपल्याकडं नाग, मण्यार, घोणस, फुरसं, चारी आहेत. चौघांच्या विषावर एकच प्रतिविष लस चालते, पण ती दवाखान्यात, रानात नाही. दर वेळी निघायच्या आधी ग्रामीण रुग्णालयात फोन करून ती आहे का हे मी विचारणार, गाडी रात्रभर गढीच्या दारात उभी राहणार. २०२० ला आष्टी तालुक्यात बिबट्यानं माणसं मारली, तेव्हापासून आमच्याकडं अंधार पडल्यावर एकटं कुणी जात नाही. पाहुण्यांनीही परसाकडला जोडीनं आणि बॅटरी घेऊनच जायचं. ससा, तितर धरायचा फास शिकवा, असं कुणीतरी म्हणणारच. गाठ शिकवू, फास लावू देणार नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात बसत नाही आणि काकाही गढीत घेणार नाहीत.

आता तुझं काम. आठ माणसांत तात्यांचं मानधन, दोन बायकांची भाकरीची मजुरी, गाडी आणि वर्षाकाठी थोडं काकांच्या हातात पडेल असा माणशी दर काढ. दर जास्त वाटला तरी माणसं वाढवू नकोस, दिवस वाढव. पहिल्या खेपेला अनोळखी लोक नकोत, तुझ्या ऑफिसातले ते ट्रेकवाले चालतील. कोयते इथल्याच लोहाराकडून घडवून घेतो, मूठ बाभळीची. ऑनलाइन काही मागवू नकोस.

वहिनींना नमस्कार. दराचं कळवलंस की तात्यांना तारीख सांगतो, त्यांच्या नातीचं लग्न याच हंगामात आहे.

तुझा,
दत्ता