वाशाला नको, तुळईला टांगूया

ती. आई-बाबा,
शि. सा. नमस्कार.

रविवारी सुतार येणार आणि माळ्यावर वाशांना आकडे मारून फळी टांगणार, असं बाबा काल फोनवर म्हणाले, तेव्हापासून जिवाला घोर लागलाय. फोनवर मी नुसतंच "नको नको" करत राहिले. म्हणून आता नीट लिहितेय.

टांगायला हवं हे मला पटलंय. गेल्या वर्षी भाताचं बियाणं उंदरांनी फस्त केलं, आणि गणपतीचं सामान काढायला आईने माळ्याच्या त्या फळ्यांच्या तक्तपोशीवर वाकून बसावं असं मलाही वाटत नाही. फक्त वाशाला हात लावू नका.

बाबा, वासे कौलांसाठी घातलेत. एक मंगलोरी कौल साधारण अडीच किलोचं, चौरस मीटरला 15च्या आसपास कौलं बसतात. म्हणजे तेवढ्या जागेत 35-40 किलो, तेही कोरडं असताना. आषाढात कौल पाणी पितं, ते वजन वेगळं. त्यातच आकडा मारून पोतं लटकवलं की वासा मधोमध झोल खातो. अर्धा इंचच खातो, पण तेवढ्याने कौलांची एकमेकांतली पकड सुटते, फट पडते, पाणी आत येतं. भिजलेला वासा कुजतो आणि मग वाळवीला आवतण द्यावं लागत नाही. मे महिन्यात मी देवघरावरचा तो वासा पाहिला. काजूच्या पोत्यासाठी कधीतरी मारलेल्या खिळ्यापासून वीतभर चीर गेलीय. तौक्ते वादळाच्या वेळी, 2021 च्या मे महिन्यात, आपली अर्धी पाख उघडी पडली होती. त्या रात्रीनंतर तुम्ही दोघं कितीतरी दिवस पत्र्याच्या पडवीत झोपत होतात. ते पुन्हा नको.

तुळईचं वेगळं. ती आडवी, जाड आहे, दोन्ही टोकांना खांबांवर बसलीय. पण तिलाही खालून खाच मारू देऊ नका. आपली तुळई 8 इंच उंच आहे. खालून 2 इंचांची खाच घेतली तर 6 उरतात, आणि लाकडाची ताकद उंचीच्या वर्गाने धरतात: 64 ची 36 झाली. चौथाई लाकूड काढलं आणि ताकद जवळपास निम्मी गेली. तुळई वाकते तेव्हा सगळ्यात जास्त ताण तिच्या खालच्या कडेवरच येतो, आणि खाच नेमकी तिथेच.

गणपतीच्या डोक्यावर टांगतो ती माटवी आठवा. आजोबांनी बांधली, तुम्ही बांधता. नारळ, तवसं, सुपारीचं शिपटं, सगळा भार. त्यासाठी तुळईला कधी खिळा मारला नाही, सुंभाचे वेढेच घातले. तेच करायचं. तुळईच्या वरून रुंद पट्टा फिरवायचा, कडेला लाकूड चेपू नये म्हणून गोणपाटाची घडी. दोन तुळयांवर आडवा एक चांगला जून बांबू टाकायचा, तो पट्ट्यांनी बांधायचा आणि त्याला फळी टांगायची. जड वस्तू खांबांजवळ, हलक्या मधे. सगळं ओझं मधोमध एकाच जागी लटकवलं, तर तेच ओझं तुळईभर पसरून जितका ताण आणतं त्याच्या दुप्पट ताण येतो. उंदरांसाठी प्रत्येक दोरात पत्र्याची उपडी थाळी ओवून घ्या. थाळी मोठी हवी, नाहीतर ते वळसा घालून उतरतात.

आईला शिडी नको म्हणून विहिरीसारखी कप्पी लावायची कल्पना मला फार आवडली. फक्त हिशेब दुप्पट धरा. 10 किलोची टोपली वर ओढून दोर खाली भिंतीला बांधला, की कप्पीच्या आकड्यावर 20 किलो येतात: 10 टोपलीचे, 10 आपल्या ओढीचे. त्यामुळे कप्पीही तुळईलाच, खांबाजवळ.

एक काम तेवढं आधी करून ठेवा, पण शिडीवर न चढता. बाबा, टॉर्च घेऊन तुळयांखालची तक्तपोशी बघा. पिठासारखा बारीक भुसा पडलेला दिसला तर वर भुंगा लागलाय. त्या जागी खडूने खूण करा. त्या तुळईला काहीच टांगायचं नाही, आधी तिच्यावर औषध. फणसाच्या जुन्या तुळईबद्दल मला तशी शंका आहे. आतून पोकळ आहे का ते हातोडीच्या मुठीने ठोकून कळेल, ते मी येऊन बघेन.

शनिवारी पहाटे पोचते. सुतारांना सांगा, रविवारी दुपारी या, सकाळी आपण मोजमाप घेऊ. आणि आई, तांब्याचा मोठा हंडा वर चढवायचा नाही. तो चुलीशेजारीच राहू दे, मला त्याच पाण्याने अंघोळ करायचीय.

तुमची,
लेक