चाचांची गल्ली

लंडन,
९ नोव्हेंबर

प्रिय मन्या,

परवा फोनवर धड बोललो नाही, म्हणून लिहायला बसलो. ब्रिक लेनवरचं आपलं ते हॉटेल बंद झालं. तू आलास तेव्हा ज्यांनी न मागता दुसऱ्यांदा डाळ वाढली होती, ते चाचा तिथलेच. सत्तरच्या दशकात बांगलादेशातल्या सिल्हेटहून आले. आधी शिलाई कारखान्यात, मग हॉटेलात राबले. वंशभेदाचा अभ्यास करणाऱ्या रनीमीड ट्रस्ट या संस्थेच्या २०२० च्या पाहणीनुसार त्या गल्लीतली करी हॉटेलं पंधराएक वर्षांत ६० वरून २३ वर आली होती. त्यांत आता हेही नाही.

तू म्हणशील, वस्त्या बदलायच्याच. इथेही लोक हेच म्हणतात आणि कोपऱ्यावरच्या मशिदीकडे बोट दाखवतात. ती इमारत १७४३ मध्ये फ्रान्समधून परागंदा झालेल्या ह्युगनॉट, म्हणजे प्रॉटेस्टंट लोकांचं चर्च होती, १८९८ मध्ये ज्यूंचं सिनेगॉग झाली, १९७६ पासून मशीद आहे. सगळं खरं. पण ज्यू कुटुंबं बहुतेक चार पैसे गाठीला लागल्यावर मोठ्या घरांकडे गेली. चाचांचा मुलगा गेला तो भाडं झेपेना म्हणून. दोन्हीला एकच शब्द लावला की मला राग येतो.

चाचांचं घर कौन्सिलचं, म्हणजे इथल्या पालिकेचं; त्यांना कोणी हलवणार नाही. मात्र १९८० च्या कायद्याने भाडेकरूंना अशी घरं विकत घेता आली. त्यांतली कितीतरी पुढे हातोहात विकली गेली आणि आता बाजारभावाने भाड्याने जातात. चाचांच्याच जिन्यावरचं, तेवढंच घर मुलाच्या आवाक्याबाहेर! तो लांब, पूर्व लंडनच्या टोकाला डॅगनमला राहतो. नातवंडं शाळा सुटल्यावर आजोबांकडे यायची, ती आता रविवारची पाहुणी झालीत. आणि मन्या, त्या जिन्यावर बाजारभावाने राहणाऱ्यांत मीही आहे. हे लिहिताना बोचतं.

१९७८ साली अल्ताब अली या कामगाराचा वर्णद्वेष्ट्यांनी खून केला. हजारो बंगाली त्याच्या शवपेटीमागून डाउनिंग स्ट्रीटपर्यंत, पंतप्रधानांच्या दारापर्यंत, चालत गेले, चाचाही होते. तेव्हा अंधार पडल्यावर एकट्याने बाहेर पडायची सोय नव्हती. गल्ली राहण्याजोगी केली ती या माणसांनी, आणि तशी झाल्यावर तिचा भाव चढला. गल्लीतल्याच ट्रुमन ब्रुअरी या जुन्या बिअर कारखान्याच्या आवारात ऑफिसं आणि दुकानं उभी करायचा बेत आला तेव्हा सात हजारांवर हरकती गेल्या. २०२१ मध्ये परवानगी मिळालीच. चाचांनीही सही केली होती. निकाल ऐकून नुसते उठून आत गेले.

दुपारी ते अल्ताब अलीच्या नावाच्या बागेत बसतात. ओळखीचं कुणी भेटलं नाही की लवकर घरी परततात. शनिवारी मी असतो सोबतीला. परवा म्हणाले, "तुम्हारा वो दोस्त फिर नहीं आया?"

डिसेंबरात ये. काकूंना लाडू मऊ वळायला सांग, चाचांना आता दात नाहीत.

तुझा,
विजू