बाळाच्या नावात आता आईचंही नाव, आधीच ठरवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मुलगा झाला की सगळा जोर पहिल्या नावावर असतो, मधलं नाव काय तर बापाचं, त्यात ठरवायचं काय असं आपण वर्षानुवर्षं धरून चाललो. आता तसं नाही राहिलं. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांसाठी राज्य सरकारने क्रमच ठरवून दिलाय, आधी बाळाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव. मला हा निर्णय मनापासून पटलाय, पण आजूबाजूला बघते तर घरोघरी ‘फॉर्म भरताना बघू’ असंच चाललंय.

खरा घोळ आईच्या नावातच होतो. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने सुनेचं नवीन नाव लिहायची पद्धत अजून बऱ्याच घरांत आहे, मग तिच्या दहावीच्या सर्टिफिकेटवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, आणि दवाखान्यात कोणी घाईत काय सांगितलं असेल ते तिसरंच. यातलं कुठलं नाव पोराच्या नावाला जन्मभर लागणार? हे तिलाच विचारा, सासू-दिरांनी परस्पर ठरवू नका. भावाला मुलगा झाला तेव्हा वहिनीने माहेरचंच नाव लावायचं म्हटलं, आईला जरा जड गेलं, पण आत्या म्हणून मी वहिनीच्या बाजूने उभी राहिले आणि आधी तिचे सगळे कागद एका नावावर आणायला लावले, भले थोडे दिवस गेले तरी चालेल.

कारण घाई करायची गरजच नसते. जन्माची नोंद २१ दिवसांत करायची हे खरं, पण ती बाळाचं नाव न टाकताही होते, मग १२ महिन्यांच्या आत नाव फुकट टाकता येतं आणि त्यानंतर १५ वर्षांपर्यंत लेट फी भरून. हे कितीतरी जणांना माहीतच नसतं, डिस्चार्जच्या गडबडीत मोबाईलवर सापडलेलं पहिलं नाव देऊन मोकळे होतात. आणि १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांना शाळाप्रवेश, लायसन्स, पासपोर्ट सगळीकडे जन्मदाखलाच लागणार, म्हणजे कोणी सांगितलं म्हणून इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक जादा ‘ए’ घातला तर तो पोराला सगळीकडे वागवावा लागणार.

अक्षराचंही तेच. आश्लेषावर झाला म्हणून डी, डू, डे, डो वरून नाव शोधत हैराण होतात, अहो कुंडलीतलं नावरस नाव वेगळं आणि हाक मारायचं वेगळं ही सोय आपल्याकडे आधीपासूनच आहे की. आजोबांचं नाव ठेवायचं असेल तर जरूर ठेवा, विठ्ठल, दत्तात्रय, पांडुरंग ही नावं परत वर्गात ऐकू यावीत असं मला फार वाटतं. फक्त ठरवण्याआधी आई-वडिलांच्या नावांसकट अख्खं नाव चार वेळा मोठ्याने म्हणून बघा. बारशाला ‘कुर्रर्र’ करताना मी बाळाच्या कानात चारही शब्द सांगणार आहे, बाकीच्या आत्यांनीही सांगावेत.

आणि नगरपालिका, ग्रामपंचायतीत जिथे जन्मनोंद होते तिथे हा नावाचा क्रम आणि १२ महिन्यांची मुदत ठळक मराठीत लिहिलेला बोर्ड लावावा, एवढी मागणी आपल्या पेपरातून जरूर मांडा.

आपली,
एक आत्या, सातारा