ब्रेकचं ऑइल वरून भरू नकोस, बदल

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. एटीव्हीचा, म्हणजे चिखल-डोंगरात चालवायच्या तुझ्या त्या उघड्या चारचाकीचा, पुढचा ब्रेक मऊ लागतोय, लिव्हर जवळजवळ हँडलला टेकतोय, आणि ऑइल कमी दिसलं म्हणून तू वरून थोडं ओतून गाडी पुन्हा चिखलात घातलीस, हे वाचलं आणि लगेच लिहायला बसलो. पुढच्या महिन्यात डोंगराचा लांब उतार उतरायचा बेत आहे म्हणतोस. त्याआधी ब्रेकचं ऑइल पूर्ण बदल आणि ब्रेकच्या नळ्यांत अडकलेली हवा काढ. तोवर ती गाडी उतारावर नेऊ नकोस, एवढं माझं ऐकच.

ऑइल कमी का झालं, ते आधी बघायला हवं होतं. डिस्कला दाबणारे पॅड झिजत जातात तसा कॅलिपरचा, म्हणजे चाकापाशी पॅड धरणाऱ्या भागाचा, पिस्टन थोडा थोडा पुढे सरकतो आणि त्याच्या मागे झालेली जागा भरायला वरच्या डबीतलं ऑइल खाली उतरतं. म्हणून पातळी उतरलेली दिसली की पहिल्यांदा पॅड बघायचे, मग कुठे गळतंय का ते बघायचं. तू वरून भरलं आहेस, तेव्हा नवे पॅड बसवताना पिस्टन मागे दाबलास की जास्तीचं ऑइल झाकणाशी उसळून टाकीवर आणि प्लॅस्टिकवर सांडेल. हे ऑइल रंग खातं. सांडलं तर नुसतं फडक्याने पुसू नकोस, भरपूर पाणी ओत. ते पाण्यात मिसळतं, त्यामुळे सहज धुऊन जातं.

पण पाण्याशी असलेल्या याच मैत्रीपायी ते खराबही होतं. ब्रेक ऑइलचे प्रकार डॉट आकड्याने ओळखतात. डॉट 3, डॉट 4 आणि डॉट 5.1 ही तिन्ही ऑइलं हवेतली ओल शोषून घेतात. गाडी नुसती उभी असली तरी रबरी होसमधून आणि झाकणाच्या बाजूने ओल आत जातच राहते. ताज्या डॉट 4 चा उकळबिंदू कमीत कमी 230 अंश सेल्सिअस असावा लागतो. त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मुरलं की हाच आकडा 155 पर्यंत खाली येऊ शकतो. डॉट 3 असेल तर 205 वरून 140. लांब उतारावर ब्रेक दाबत राहिलं की डिस्क तापते, ती उष्णता पॅडमधून पिस्टनला आणि पिस्टनमधून ऑइलला पोचते. ऑइल उकळून वाफ झाली की संपलं. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. तुझा सगळा जोर ती वाफ दाबण्यात जातो आणि चाकापर्यंत काहीच पोचत नाही. मला याची सर्वात जास्त भीती वाटते ती एवढ्यासाठी की गाडी थंड झाली की वाफ विरते, ब्रेक पुन्हा बऱ्यापैकी लागायला लागतो, आणि माणूस काही झालंच नाही असं समजून पुढच्या उताराला लागतो. त्यात एटीव्हीच्या कॅलिपरभोवती चिखल बसलेला असतो, त्यामुळे उष्णता बाहेर पडायला वावच राहत नाही.

कुठलं ऑइल आणायचं ते डबीच्या झाकणावरच कोरलेलं असतं. तेच आण, नवी सीलबंद बाटली आण. कपाटात उघडी राहिलेली जुनी बाटली वापरू नकोस, तिनेही ओल शोषलेलीच असणार. आणि डॉट 5 व डॉट 5.1 एकच समजू नकोस. डॉट 5 सिलिकॉनचं असतं, बहुधा जांभळट रंगाचं, आणि ते बाकीच्यांत मिसळायचं नाही. इंजिन ऑइल, डिझेल, पेट्रोल यांचा तर थेंबही आत जाऊ देऊ नकोस, धुण्यासाठीसुद्धा नाही. आतली रबरं फुगतात आणि मग सगळंच बदलावं लागतं.

आता काम. गाडी सपाट जागेवर घे, चाकांना अडण लाव, पुढून उचलून भक्कम स्टँडवर ठेव आणि चाकं काढ. कॅलिपर ब्रशने स्वच्छ धू. ब्लीड निपलची, म्हणजे हवा काढायला कॅलिपरवर असलेल्या छोट्या स्क्रूची, रबरी टोपी बहुतेक वेळा पडून गेलेली असते आणि भोकात चिखल घट्ट बसलेला असतो. तो तारेने उकरून काढ. निपल आतून पोकळ असतं, गंजलेलं असेल तर पटकन तुटतं. म्हणून उघडा पाना नको, बरोबर मापाचा रिंग पाना घे, बहुतेकदा 8 मिलिमीटरचा लागतो. आदल्या रात्री आट्यांवर गंज सोडवणारं तेल मार.

मास्टर सिलिंडर म्हणजे लिव्हरपाशी ऑइलवर दाब देणारा भाग, ऑइलची डबी त्याच्यावरच असते. त्याच्या झाकणाचे स्क्रू फार मऊ असतात. पेचकस नीट बसतो का बघ, त्याच्या मुठीवर हातोडीचा हलका ठोका दे आणि मग फिरव. हँडल असं वळव की डबी सपाट राहील. झाकण आणि रबरी पडदा काढलास की आतलं जुनं ऑइल सिरिंजने ओढून घे. तुझं ऑइल चहाच्या रंगाचं झालंय म्हणतोस, म्हणजे तळाशी गाळ असणार. तो धागे न सुटणाऱ्या कापडाने पूस. मग उजेड पाडून तळ बघ. तिथे एक मोठं भोक दिसेल आणि त्याच्या शेजारी दुसरं, जेमतेम सुईच्या टोकाएवढं. लिव्हर सोडल्यावर तापून फुगलेलं ऑइल या बारीक भोकातून वर परततं. ते गाळाने बुजलं तर दाब अडकून राहतो, पॅड डिस्कला घासत राहतात, आणि घासण्याने ऑइल आणखी तापतं. लोक होस बदलतात, कॅलिपर बदलतात आणि हे भोक कोणी बघतच नाही. नवं ऑइल घालून लिव्हर अगदी हलका दाबलास आणि तिथून कारंज्यासारखी बारीक धार उसळली, तर ते मोकळं आहे असं समज. तेव्हा चेहरा डबीवर धरू नकोस, चष्मा घाल.

हवा काढायला जोडीला कुणाला तरी घे. निपलवर आधी पाना चढव, मग पारदर्शक नळी. नळीचं दुसरं टोक थोडं नवं ऑइल घातलेल्या बाटलीत बुडलेलं ठेव. वरच्याने लिव्हर सावकाश काही वेळा दाबून धरायचा, खालच्याने निपल पाव फेरा उघडायचं, ऑइल वाहिलं की बंद करायचं, आणि त्यानंतरच वरच्याने लिव्हर सोडायचा. हा क्रम चुकला तर हवा उलट आत ओढली जाते. जुन्या मास्टर सिलिंडरमध्ये लिव्हर पार हँडलपर्यंत नेऊ नये. आतलं रबरी सील रोज जिथे पोचत नाही तिथे गंज धरलेला असतो आणि तो सीलची कड फाडतो. लिव्हरच्या मागे लाकडाचा तुकडा धरलास की झालं. डबीतली पातळी मात्र सतत बघत राहा. ती खालच्या रेघेच्या खाली गेली की हवा शिरते आणि सगळं पहिल्यापासून. कोणतं चाक आधी घ्यायचं ते तुझ्या गाडीच्या पुस्तकात असेल, नसेल तर मास्टर सिलिंडरपासून लांबचं आधी. नळीत नव्या ऑइलचा स्वच्छ रंग आला आणि बुडबुडे थांबले की पुढच्या चाकाला जा.

मागचा पायाचा ब्रेक विसरू नकोस. तुझ्या गाडीला त्याची वेगळी छोटी डबी आहे, तिच्याकडे सहसा कुणी ढुंकूनही बघत नाही.

एवढं करूनही लिव्हर मऊच राहिला तर वरच्या जोडापाशी, जिथे होस मास्टर सिलिंडरला लागतो, हवा अडकलेली असते. हँडल असं वळव की तो जोड डबीपेक्षा खाली राहील, आणि लिव्हर नुसता टिचक्या मारल्यासारखा थोडा थोडा हलव. बारीक बुडबुडे वर येताना दिसतील. ते संपेपर्यंत कर, याला वेळ लागतो. तरी जमलं नाही तर खालच्या निपलमधून सिरिंजने नवं ऑइल सावकाश वर ढकल. हवेला वरच जायचं असतं, त्यामुळे ही युक्ती बरेचदा लागू पडते. डबी भरून वाहणार नाही तेवढं बघ. आणि कुणी कॅलिपर काढून पुन्हा बसवले असतील तर निपल कॅलिपरच्या वरच्या बाजूला आहे ना, तेही तपास. डावा-उजवा अदलाबदल झाला तर निपल खाली येतं आणि वरची हवा कितीही दाबलंस तरी निघत नाही. व्हॅक्युम पंप लावलास तर आट्यांच्या फटीतून हवा ओढली जाऊन न संपणारे बुडबुडे दिसतील. ते खरे समजून बसू नकोस.

शेवटी लिव्हर जोरात दाबून मिनिटभर धरून ठेव. तो घट्ट राहिला तर निपल, होस, जोड कोरड्या बोटाने तपास आणि सपाट मैदानात अगदी हळू चालवून बघ. धरलेला असताना हळूहळू खाली सरकत गेला आणि बाहेर कुठे ओल नसेल, तर मास्टर सिलिंडरचं आतलं सील गेलंय. मग कितीही हवा काढून उपयोग नाही, सीलचा संच बदलावा लागेल.

काढलेलं ऑइल गटारात किंवा मातीत ओतू नकोस, ते विषारी आहे. बाटलीत बंद करून वापरलेलं ऑइल घेणाऱ्यांकडे दे. साधारण दोन वर्षांनी हे काम पुन्हा करावं, आणि तू पाण्यातून गाडी घालतोस, त्यामुळे तुझ्या बाबतीत थोडं आधीच.

पॅड किती उरलेत ते मोजून मला कळव. निपल हलत नसेल तर जोर लावू नकोस, तसंच ठेव. मी शनिवारी मोकळा आहे, पाने घेऊन येतो.

तुझाच,
जुना सोबती