गाणे चित्रित करणाऱ्यांची नावेही छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीतला मराठी म्युझिक व्हिडिओंवरचा लेख वाचला. विषय घेतलात, बरे वाटले. पण 'म्युझिक व्हिडिओ 1981 साली एमटीव्हीबरोबर जन्मला' हे विधान खटकले. त्याहून जास्त लागले ते असे की लेखात अकरा गाणी आहेत, प्रत्येकाचा गायक, संगीतकार आणि पडद्यावरची जोडीही आहे. दिग्दर्शक, कॅमेरामन, संकलक यांचे मात्र एकही नाव नाही. मी तीस वर्षे शूटिंगवर नाग्रा टेपरेकॉर्डर सांभाळला, म्हणून हे पत्र.

1 ऑगस्ट 1981 ला सुरू झाली ती वाहिनी. गाण्याच्या छोट्या फिल्मा 1940 च्या दशकात अमेरिकेत उपाहारगृहांतून दाखवत. पॅनोरॅम नावाच्या यंत्रात दहा सेंटचे नाणे टाकायचे, की 16 एमएमच्या रिळावरचे पुढचे गाणे सुरू. आपल्याकडे पार्श्वगायन 1935 साली कलकत्त्याच्या न्यू थिएटर्सच्या 'धूपछाँव'मध्ये आले. त्याआधी नट स्वतः गायचे आणि वादक चौकटीबाहेर बसून वाजवायचे. म्हणजे आधी ध्वनिमुद्रित केलेल्या गाण्यावर ओठ हलवण्याचा रियाज एमटीव्हीच्या जन्मावेळी आपल्याकडे सेहेचाळीस वर्षांचा होता.

हे काम कसे चालते ते एका गाण्यावरून सांगतो. 1997 च्या पावसाळ्यात पानशेतच्या रस्त्यावर एका मराठी अल्बमचे चित्रीकरण होते. दिग्दर्शकाला नायिकेचे केस, ओढणी, पावसाचे थेंब, सारे संथ हवे होते, पण ओठ गाण्याशी जुळायलाच हवेत. कॅमेरा सेकंदाला 24 चित्रांऐवजी 48 चित्रे घेईल असा लावला. गाणे मी सेकंदाला साडेसात इंच टेप सरकेल अशा वेगाने घेतले होते, ते पंधरा इंचांवर वाजवायचे ठरले. मुखड्याच्या आधी चार टिकटिक ठेवल्या होत्या, त्यावरून नायिकेने श्वास धरायचा. दुप्पट वेगाने गाणे सुरू झाले की गायिकेचा आवाज चिमणीसारखा यायचा. त्या आवाजावर, चिखलात उभे राहून, विरहाचा भाव चेहऱ्यावर ठेवून त्या मुलीने सहा टेक दिले. दर टेकनंतर मी टेप बरोबर त्याच टिकटिकीपाशी मागे घ्यायचो आणि सहायक कॅमेरामन लेन्सवरचे पाणी पुसायचा. पडद्यावर ते 24 च्या वेगाने चालले तेव्हा पाऊस तरंगत खाली येत होता आणि ओठ एका अक्षरानेही चुकले नव्हते.

मग ते संकलकाच्या टेबलावर गेले. एकच अंतरा लांबून, मधून, जवळून असा तीनदा घेतलेला असतो. कुठल्या ओळीला चेहरा ठेवायचा, बासरीच्या तुकड्यावर धरणाचे पाणी किती वेळ दाखवायचे, हे तो ठरवतो. आमचे संकलक ठेक्याच्या दोन फ्रेम आधी कापायचे. त्यांचे म्हणणे, बरोबर ठेक्यावर कापले तर डोळ्याला उशीर झाल्यासारखा वाटतो. मला ते तेव्हाही पटले होते, आजही पटते.

गाणे टीव्हीवर लागले. खाली गायिका, अल्बम आणि कॅसेट कंपनी इतकेच. दिग्दर्शकाच्या आईने तीन संध्याकाळी टीव्हीसमोर बसून मुलाच्या नावाची वाट पाहिली. कंपनीकडे विचारणा केली, तर पट्टीत जागा नाही असे उत्तर मिळाले.

जागा असते. एमटीव्हीने 1992 च्या अखेरीपासून गाण्याच्या पट्टीत दिग्दर्शकाचे नाव द्यायला सुरुवात केली, तेव्हा एक ओळच वाढली. तरी 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' हे गाणे म्हटले की 'क्वीन' हा ब्रिटिश बँड आठवतो. 1975 साली तो व्हिडिओ सुमारे चार तासांत चित्रित करणारे ब्रूस गॉवर्स किती जणांना ठाऊक आहेत? 1995 चे 'मेड इन इंडिया' घ्या. अलिशा चिनॉय आणि मिलिंद सोमण घरोघर पोचले, दिग्दर्शक केन घोष यांचे नाव सांगावे लागते.

आता माझी पुतणी हेच काम करते. पर्वती पायथ्याच्या एका खोलीत, लॅपटॉपवर, रात्री दोन-दोनपर्यंत. यूट्यूबवर तिचे नाव गाण्याखालच्या मजकुरात असते, पण तो उघडून वाचणारे थोडे. त्याच गाण्याचा तुकडा रीलमध्ये फिरतो तेव्हा तेही गळते. मागच्या महिन्यात तिने संकलित केलेल्या गाण्याबद्दल आपल्याच अंकात चार कौतुकाच्या ओळी आल्या. 'दृश्यांची लय मोहक' असे त्यात होते. ती लय तिची आहे.

आपल्या शुक्रवारच्या 'नवी गाणी' चौकटीत गायक, गीतकार, संगीतकार, कलाकार अशी चार नावे असतात. त्याखाली दिग्दर्शन, छायाचित्रण, संकलन ही आणखी एक ओळ येत्या शुक्रवारपासून द्यावी. नावे मिळवायला अडचण आली तर ती गोळा करून दर बुधवारी कार्यालयात आणून द्यायची माझी तयारी आहे.

आपला,
एक निवृत्त ध्वनिसाहाय्यक,
कर्वेनगर, पुणे